कोऱ्या रक्ताचा माणूस

माझा कुणावर विश्वास नाही, आणि त्याचाच मला पगार मिळतो. लसीच्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं तंत्रज्ञ आहे. नळीवर चिठ्ठी आहे, पण आत तेच आहे कशावरून? फ्रीझरचा आकडा उणे ऐंशी दाखवतोय, पण आकडाच बिघडलेला नसेल कशावरून? हे 'कशावरून' दिवसभर डोक्यात घेऊन मी घरी जाते आणि घरीही ते उतरत नाही. नवरा म्हणतो, "तू आरशातल्या बाईलाही ओळखपत्र मागशील." मागेन की! त्यात काय बिघडलं?

तर मला सांगायचंय ते आमच्या शून्यकाकांबद्दल. काका आमच्याकडे बाटल्या धुतात. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे धुलाईची खोली आहे. तिथे तीन खोल हौद आहेत, एक उंच खिडकी आहे, आणि भिंतीला लावलेल्या खुंट्यांवर उलट्या टांगलेल्या शेकडो काचेच्या बाटल्या आहेत. काका एकेक बाटली सात पाण्यांतून काढतात, मग खिडकीसमोर धरून आतून पाणी कसं उतरतं ते बघतात. काच स्वच्छ असेल तर पाणी सलग उतरतं. कुठे थेंब अडला तर बाटली परत पहिल्या हौदात. एकदा मी म्हटलं, "काका, एका थेंबानं काय आकाश कोसळणार आहे?" ते म्हणाले, "ताई, तुमचं काम माझ्या बाटलीत चालतं. थेंब माझा आणि बोलणी तुम्हाला, असं नको." माणूस असा. कमी बोलणारा आणि बोलला की समोरच्याला गप्प करणारा.

पण त्यांची किंमत बाटल्यांमुळे नव्हती. त्यांची किंमत होती रक्तामुळे.

सोपं करून सांगते. आमच्या मॅडम ज्या तापावर नवी लस शोधतायत, तो ताप सात दिवसांत उतरतो. पण दहांतल्या एकाला तो बहिरा करून जातो, आणि शंभरांतला एखादा उठतच नाही. एखाद्याच्या रक्तात त्या तापाशी लढणारी प्रतिपिंडं आहेत का, हे बघायला आमच्याकडे शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. खळग्यांच्या तळाशी विषाणूचा तुकडा चिकटवलेला. त्यावर रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, घालायचं. प्रतिपिंडं असली तर ती त्या तुकड्याला धरून बसतात आणि शेवटी रंगाचं औषध घातलं की खळगा पिवळा होतो. नसली तर खळगा पाण्यासारखा राहतो. आता पिवळा म्हणजे किती पिवळा, हे ठरवणार कसं? त्यासाठी प्रत्येक प्लेटवर एक असं रक्त लागतं की ज्यात काहीच नाही. अगदी कोरं. त्याला आम्ही शून्य म्हणतो. सगळं मोजमाप तिथून सुरू होतं.

आणि प्रयोगशाळेत कोरं रक्त मिळणार कुणाचं? आम्ही सगळे जिवंत विषाणूजवळ काम करतो, म्हणून आम्हाला सगळ्यांना जुनी लस टोचलेली. ती लस दुखते, दर दोन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, पण असते. आमची सगळ्यांची रक्तं पिवळीधमक. बाहेरच्या माणसाचा तर भरवसाच नको. लहानपणी कुणाला हा ताप येऊन गेलेला असतो आणि त्याच्या आईलाही आठवत नाही. राहिले कोण? काका. ते आले दूरच्या एका बेटावरून, जिथे हा ताप कधी पोचलाच नव्हता. आणि धुलाईच्या माणसाला लस द्यायचा नियम नव्हता, कारण त्याच्याकडे येणारी प्रत्येक बाटली आधी वाफेच्या यंत्रातून शिजून, मेलेली होऊनच येते.

म्हणून बारा वर्षं, दर तीन महिन्यांनी, काका बाही वर करून माझ्यासमोर बसायचे. मी रक्त काढायची. ते दुसरीकडे बघायचे, कारण सुई बघितली की त्यांना घेरी येते. झालं की विचारायचे, "कोरं आहे ना अजून?" मी म्हणायची, "एकदम कोरं." त्यावर त्यांचा चेहरा असा खुलायचा की वाटावं शाळेत पहिला नंबर आलाय. आपल्या लेकीलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं की बापाच्या रक्तावाचून इथलं पान हलत नाही. खोटं नव्हतंच ते.

चार वर्षांपूर्वी त्यांनी एकदा विचारलं होतं, "ताई, मलाही ती जुनी लस टोचून टाका ना. कुठे शिंकला बिंकला कुणी तर?" आम्ही तिघीचौघी तिथे चहा पीत होतो. मीच म्हटलं, "वा काका! तुम्हाला टोचलं तर आमचं शून्य कुठून आणायचं?" सगळ्या हसल्या. काकाही हसले. विषय तिथेच संपला. मॅडमही तिथेच होत्या.

आता त्या सकाळचं सांगते. सोमवार होता. मी प्लेट लावली. त्यात काकांचं मागच्या आठवड्यातच काढलेलं ताजं रक्त होतं. शेवटचं औषध घातलं, दहा मिनिटं थांबले आणि प्लेट उजेडात धरली. शून्याचे चारही खळगे पिवळे.

पहिला संशय माझ्यावरच नको म्हणून मी पुन्हा लावली. पुन्हा पिवळे. चिठ्ठी बदलली असेल म्हणून मी काकांच्या जुन्या नळ्या फ्रीझरमधून काढल्या. गेल्या वर्षीची पाण्यासारखी, त्याआधीचीही तशीच, तीन महिन्यांपूर्वीचीही तशीच. फक्त नवी नळी पिवळी. म्हणजे चूक माझी नव्हती आणि नळीचीही नव्हती. काकांच्या रक्तातच काहीतरी झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, जाऊन सरळ विचारायचं. ते सरळ माणसांचं झालं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली की मी विचारत नाही, मी बघते.

मी नव्या लसीचा डबा उघडला. नवी लस अजून उंदरांपलीकडे गेलेली नाही. माणसांवरच्या चाचणीची परवानगी पुढच्या महिन्यात यायची होती. डब्यात शंभर घरं, शंभर कुप्या. मी मोजल्या. नव्व्याण्णव. सातव्या ओळीतलं चौथं घर रिकामं.

मग सगळं कसं फटाफट जुळत गेलं! फ्रीझरच्या खोलीची फरशी पुसायला काकाच जातात. महिन्याभरापूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, "ताई, ही नवी लस माणसाला कधी मिळणार?" त्यानंतर ते आठ दिवस रजेवर होते, म्हणे अंगात ताप होता. अहो, लस घेतली की ताप येतोच! आणि रजेवरून आल्यापासून माणूस बदललेला. हाक मारली तर वळायचं नाही. तीनदा हाक मारावी तेव्हा वळणार, आणि बोलताना नजरेला नजर द्यायची नाही. मान एका बाजूला वळवून ऐकणार. मी स्वतःशीच म्हटलं, बाई गं, इथे नक्की पाणी मुरतंय.

दुपारी मी धुलाईच्या खोलीत गेले. काका पाठमोरे होते. नळ चालू होता. मी हाक मारली. नाही वळले. मी नळ बंद केला तेव्हा दचकले.

"काका, खरं सांगा. फ्रीझरमधून काही घेतलंत?"

त्यांनी मान वळवली, नजर भिंतीकडे. "काय घेणार ताई? फडकं आणि बादली, तेवढंच घेऊन जातो आणि तेवढंच घेऊन येतो."

"नव्या लसीची एक कुपी कमी आहे. आणि तुमचं रक्त कोरं राहिलेलं नाही."

दुसरं वाक्य ऐकल्यावर त्यांचा चेहरा जो पडला, तो मी अजून विसरले नाही. कुपीचं त्यांनी काही विचारलंच नाही. "कोरं नाही?" असं दोनदा म्हणाले. मग ओले हात तसेच घेऊन स्टुलावर बसले. मला वाटलं, सापडला. चोरी पकडली गेली की माणूस असाच बसतो. मला तर तसंच वाटलं, आणि मी वर जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे मीठमसाला न लावता, पण एकही मुद्दा न सोडता.

मॅडम वाईट नाहीत. पण वीस वर्षं त्या या एका लसीमागे आहेत आणि परवानगी दारात आलेली. चाचणीआधी कुणीतरी चोरून लस टोचून घेतली हे बाहेर गेलं असतं तर सगळंच बंद पडलं असतं. त्यांनी संचालकांना फोन केला. संध्याकाळपर्यंत काकांच्या हातात कागद पडला. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, आणि आरोप खरा ठरला तर नोकरीतून काढून टाकण्यात येईल. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

फाटकाशी पहारेकऱ्यानं त्यांची पिशवी तपासली. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी जिन्याच्या खिडकीतून बघत होते. पिशवीतून डबा निघाला, छत्री निघाली, एक स्वेटर निघाला. पहारेकऱ्यालाच लाज वाटली असावी, कारण त्यानं स्वेटर नीट घडी करून परत आत ठेवला. काकांनी वर बघितलं. मी खिडकीतून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचा फोन मला आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "मावशी, बाबा म्हणतात त्यांचं रक्त खराब झालंय म्हणून घरी बसवलंय. खरं काय आहे? ते जेवत नाहीयेत." मी म्हटलं चौकशी चालू आहे. तिनं विचारलं, "चौकशी? चोराची करतात तशी?" मी फोन ठेवला.

पण मला एक पक्कं माहीत होतं. रक्त खोटं बोलत नाही. आणि रक्ताकडून कबुली घ्यायची रीत आमच्याकडे होती. नव्या लसीत विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा एकच तुकडा आहे. ज्यानं ती लस घेतली, त्याच्या अंगात फक्त त्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होणार. विषाणूच्या पोटातल्या भागाविरुद्ध काहीच नाही, कारण तो भाग लसीत नाहीच. म्हणजे दोन प्लेटा लावायच्या. एक आवरणाची, एक पोटाची. पहिली पिवळी आणि दुसरी कोरी आली तर काका चोर. मॅडमना मी म्हटलं, "चौकशी समितीला पुरावा हवाच ना? मी देते." इतकी खात्री होती मला! थोडा आनंदही होता, खोटं कशाला बोलू. आपला संशय खरा ठरणार म्हटलं की माझे हात झपझप चालतात.

दोन्ही प्लेटा पिवळ्या आल्या.

दोन्ही पिवळ्या म्हणजे त्या माणसानं नवी लस घेतलेलीच नाही. त्याच्या अंगात अख्खा विषाणू जाऊन आलाय. जुनी लस घेतली असती तरी असं दिसलं असतं, पण जुनी लस आरोग्यखोलीत कुलपात असते आणि नर्सच्या वहीशी मी एकेक डोस जुळवून बघितला. काकांचं नाव कुठेच नव्हतं आणि डोस सगळे जागेवर होते. काकांना ताप आला होता. तोच ताप. ते खरंच सांगत होते.

मी प्लेटा घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्या हळूच म्हणाल्या, "सातव्या ओळीतली चौथी कुपी ना? ती... मीच घेतली होती बहुतेक. उष्णतेत किती टिकते ते बघायला." त्यांच्या खासगी वहीत नोंद होती, तारखेसकट. डब्याच्या यादीवर नव्हती. शास्त्रज्ञांना जगातलं सगळं आठवतं, फक्त योग्य जागी लिहायचं तेवढं आठवत नाही. मला असा संताप आला की बस. पण संताप करायला माझं तोंड कुठे होतं? चोर चोर म्हणून ओरडले मीच होते.

आता प्रश्न राहिला, ताप आला कुठून? शहरात त्या महिन्यात या तापाचा एकही रुग्ण नव्हता. विषाणू होता तो फक्त आमच्या वरच्या मजल्यावर. मी पुन्हा कामाला लागले, या वेळी कुणालाही न सांगता.

जिवंत विषाणूच्या खोलीतून निघालेल्या बाटल्या पोलादी ड्रममध्ये भरतात. ड्रमवर एक पांढरी चिकटपट्टी लावतात आणि ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या त्या वाफेच्या यंत्रात, घालतात. पुरेशी वाफ मिळाली की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. रेघा बघायच्या, वहीत सही करायची, मग ड्रम खाली धुलाईला. ते सही करायचं काम माझं. धुऊन झालं की काका पट्टी सोडवून त्याच वहीत सहीशेजारी चिकटवतात. मी वही मागे मागे उलटत गेले. काळ्या रेघा, सही. काळ्या रेघा, सही. काकांच्या रजेच्या साधारण दहा दिवस आधीचं पान आलं.

पट्टी पांढरी होती. एकही रेघ नाही. शेजारी माझी सही.

मला तो दिवस आठवला. आठवला म्हणजे, त्या दिवसात काही वेगळं नव्हतंच. यंत्र दुपारी मधेच बंद पडलं होतं, आणि वहीतली सही बघून कुणीतरी तो ड्रम तसाच खाली पाठवला असणार. आणि सह्या? सह्या मी सकाळीच करून ठेवायची. दिवसात चार ड्रम जाणार हे माहीतच असायचं, मग चार वेळा जिना कोण उतरणार? पहिल्या ड्रमच्या वेळी चारही रकान्यांत सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. अख्ख्या जगावर संशय घेणारी मी! स्वतःच्या सहीवर मला कधी शंका आली नाही.

पहिला विचार काय आला, तेही सांगून टाकते. पान फाडावं. वही माझ्याच ताब्यात होती, आणि कुणाला कळलंही नसतं. कुपीचा उलगडा झालाच होता. काका निर्दोष सुटलेच असते, 'बाहेर कुठेतरी लागण झाली असावी' असं लिहून प्रकरण मिटलं असतं. मी पानाचा कोपरा धरलासुद्धा. मग पट्टी दिसली. किती सरळ चिकटवली होती त्यांनी! चारही कडा दाबून, सहीला जराही न झाकता.

मी वही बगलेत मारली आणि रिक्षा करून काकांच्या घरी गेले.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली, बाहेर गॅलरीत दोन खुर्च्या. लेक माहेरी येऊन राहिली होती. तिनं मला दारातच अडवलं. "आता काय राहिलंय?" म्हणाली. मी म्हटलं, "माझी चूक राहिलीये. आत येऊ दे." काका खिडकीशी बसले होते. मी बोलायला लागले तर लेक म्हणाली, "उजवीकडून बोला. डावा कान गेलाय त्यांचा. तापात गेला."

ती वळवलेली मान. ती भिंतीकडची नजर. चांगला कान माझ्याकडे करत होता तो माणूस, आणि मी त्याचा पुरावा केला. सतरा वर्षं ज्या तापावर मी काम करतेय, तो ताप काय करतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मला दिसलं नाही. मला चोर बघायचा होता, मला चोर दिसला.

मी उजवीकडे बसले. वही उघडून पान दाखवलं. "काका, या पट्टीवर रेघा नव्हत्या. तुम्ही बघितलं नाहीत?"

"बघितलं की."

"मग ड्रम का उघडलात?"

काका माझ्याकडे नवलानं बघायला लागले. "सही होती ना तुमची," ते म्हणाले. "मला वाटलं, पट्टीच वाईट निघाली असेल. ताईंनी सही केलीये म्हणजे ताईंनी बघितलंय. एका बाटलीची मान तुटलेली होती, ती जरा बोटाला लागली, एवढंच."

रडू नकोस असं मी स्वतःला बजावत होते, पण नाही जमलं. लेकीनं पाणी दिलं. तिनं मला क्षमा केली असं मात्र समजू नका. पेला तिनं जोरात ठेवला, आणि बरोबरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांकडे लेखी दिलं. चूक माझी, सही माझी, तारीख अमुक. काकांवरचा आरोप त्याच दिवशी मागे घेतला गेला. माझी चौकशी अजून चालू आहे, आणि वहीवर सही करायचं काम काढून घेतलंय. चालेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. काका सोमवारी कामावर आले तेव्हा मॅडम स्वतः खाली आल्या. माफी मागितली. मनापासून मागितली, हे मी मान्य करते. पण मागोमाग त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली आणि माझी पाल पुन्हा चुकचुकली. "काका, तुमचं रक्त आता सोन्याचं झालंय बरं का," त्या म्हणाल्या. "नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाची प्रतिपिंडं! नव्या लसीची प्रतिपिंडं याच्या जवळपास पोचतात का, तेच तर आम्हाला बघायचंय. असं रक्त आम्हाला मिळतच नव्हतं. थोडं देता का?"

"आणि शून्य?" काकांनी विचारलं. "ते कुठून आणणार?"

"त्याची काळजी नको. या नव्या बाई आल्यायत ना धुलाईला, तुमच्या जागी बदली म्हणून. त्यांचं रक्त आम्ही तपासलं. एकदम कोरं."

नव्या बाई हौदाशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या असतील, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. आपल्याबद्दल बोलणं चाललंय म्हणून हसल्या. काकांनी तो हसरा चेहरा बघितला. मीही बघितला, आणि मला आमचा चहा आठवला, चौघींचं हसणं आठवलं. मी काही बोलणार एवढ्यात काकांनी वर केलेली बाही खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावलं.

"नाही," ते म्हणाले.

बारा वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मॅडमना वाटलं, ऐकू आलं नसेल. त्या उजवीकडून पुन्हा विचारायला लागल्या.

"ऐकू आलं मॅडम. आधी या बाईंना टोचा. जुनी लस. माझ्यासमोर. मग माझा हात घ्या, हवं तेवढं रक्त घ्या."

"काका, पण मग शून्य..."

"ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेली माणसं आहात."

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. त्यांना वाटलं मी समजावीन, नेहमीसारखी. मी म्हटलं, "मॅडम, मी नर्सला बोलावते," आणि त्यांचं उत्तर यायच्या आत निघाले. मागून त्या 'थांबा' म्हणाल्या का, मला माहीत नाही. म्हणाल्या असतील तर मला ऐकू आलं नाही.

नर्सनं तिथेच, धुलाईच्या खोलीत, त्या बाईंना सगळं समजावून सांगितलं. लस दुखेल, ताप येईल, तीन डोस घ्यावे लागतील. बाई म्हणाल्या, "द्या की. मला कुणी आधी विचारलंच नाही." सुई दंडात गेली. ज्यांना सुई बघून घेरी येते ते काका, हौदाचा काठ धरून, शेवटपर्यंत बघत राहिले. मॅडम दाराशी उभ्या होत्या. काकांच्या जुन्या नळ्या माझ्या तपासण्यांतच संपल्या होत्या, म्हणून नवं कोरं रक्त येईपर्यंत आमच्या प्रयोगशाळेत एकही प्लेट लागली नाही. दुसऱ्या संस्थेला पत्र लिहून कोरं रक्त मागवावं लागलं, आणि ते यायला दीड महिना गेला.

मग काका स्टुलावर बसले, बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. मी घाबरत विचारलं, "मी घेऊ? की नर्स घेऊ दे?"

"तुम्हीच घ्या ताई."

मी ट्रेमधून नव्या सुईचं पाकीट उचललं. फोडणार तोच त्यांनी दुसरा हात पुढे केला. मला आधी कळेना काय हवंय. मग मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, खिडकीच्या उजेडात पाकीट उलटंपालटं केलं, चारही कडा बोटानं चाचपून बघितल्या, तारीख वाचली. कुठे फाटलेलं नाही याची खात्री करून घेतली. बारा वर्षांत एकदाही त्यांनी असं केलं नव्हतं.

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि पाकीट मला परत दिलं.